धातूचा शेजार

पुणे शहराच्या दक्षिण भागात, स्वारगेटहून सातारा रस्त्याने निघून डावीकडे वळले म्हणजे जी वस्ती लागते, त्या बिबवेवाडीत माझे बिऱ्हाड गेली अनेक वर्षे आहे. आणि ज्या विषयात माझे आयुष्य गेले तो विषय, म्हणजे सजीवांच्या शरीरातील धातुयुक्त विकरांच्या प्रतिकृती प्रयोगशाळेत घडविणे व रेणूरेणूंमधील दुर्बळ आकर्षणांचा छडा लावणे, हा संसारी माणसाच्या व्यवहारापासून फार दूरचा असावा असा माझ्या शेजाऱ्यांचा समज असला, तरी वस्तुस्थिती तशी नाही. गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून आणलेले वांगे चिरून ठेवले असता थोड्याच वेळात त्याच्या फोडींवर जो तपकिरी रंग चढतो, तोच माझ्या संशोधनाचा मूळ विषय होय.

वांग्याच्या गरातील पेशींत फिनॉल वर्गाचे पदार्थ एका कप्प्यात आणि त्यांच्यावर क्रिया करणारे विकर दुसऱ्या कप्प्यात, असे निसर्गाने निरनिराळे ठेवलेले असतात. विळीच्या पात्याने मधला पडदा फाटला की दोहोंची गाठ पडते, हवेतील ऑक्सिजन त्यांत सामील होतो, कॅटेकोलाचे क्विनोन होते, आणि क्विनोनाचे रेणू एकमेकांशी जुळत जाऊन तो काळसर रंग तयार होतो. फोडी मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवण्याची आपल्या घरांतली चाल हवेचा संपर्क तोडते आणि मिठातील क्लोराइडाच्या योगाने विकराच्या कामातही अडथळा आणते. परीट पूर्वी कपड्यांवर खूण घालण्यासाठी जो बिब्बा वापरीत, त्याच्या रसातील भिलावॅनॉल हेही कॅटेकोलच, फक्त त्याला कार्बन-अणूंची एक लांब शेपटी जोडलेली. चुन्याच्या संगतीने आणि हवेने ते काळे पडते व कापडाला कायमचे धरते. जपानातील उरुशी नावाचे रोगण घट्ट होते तेही अशाच रासायनिक क्रियेने, आणि ती घडविणारे विकर हिकोरोकुरो योशिदा याने 1883 साली ओळखले. वांगे, बिब्बा आणि जपानी रोगण यांना एका सूत्रात ओवणारी ही क्रिया विद्यार्थिदशेत मला प्रथम समजली, तेव्हा रसायनशास्त्राच्या पुस्तकाची पाने एकाएकी घरातल्या वस्तूंनी भरून गेली, असे मला वाटले.

वांग्यातील या विकराच्या, म्हणजे कॅटेकोल ऑक्सिडेजाच्या, अंतर्गृहात तांब्याचे दोन अणू असतात. रताळ्यातून काढलेल्या कॅटेकोल ऑक्सिडेजाची स्फटिकरचना क्रेब्स आणि त्यांचे सहकारी यांनी 1998 साली प्रसिद्ध केली, आणि तेव्हापासून आम्हा मंडळींजवळ त्या अंतर्गृहाचा खात्रीचा नकाशा आला: प्रत्येक तांब्याभोवती हिस्टिडिनाचे तीन हात, दोन तांब्यांमधील अंतर ऑक्सिडीभूत अवस्थेत सुमारे 2.9 अँगस्ट्रॉम, आणि क्षपणित अवस्थेत तेच वाढून सुमारे 4.4 अँगस्ट्रॉम. प्रत्येक फेऱ्यात हे दोन धातू एकमेकांजवळ येतात व दूर जातात, आणि रताळ्यातले हे विकर अनुकूल स्थितीत सेकंदाला 2000 च्या घरात कॅटेकोलाचे रेणू पार करते. ही गती पुढे सांगावयाच्या गोष्टीसाठी वाचकाने ध्यानात ठेवावी.

या विषयाकडे मी वळलो याचे श्रेय पुण्यातील एका जुन्या परंपरेला आहे. गणेशखिंडीच्या विद्यापीठातील रसायनशास्त्र विभागात डॉ. सुभाष पाध्ये यांनी संक्रमणी धातू आणि जैव क्रियाशील लिगंड, म्हणजे धातूला धरून राहणारे रेणू, यांच्या जटिल संयुगांचा अभ्यास दीर्घकाळ चालविला. थायोसेमिकार्बाझोनांच्या धातुसंयुगांवर जॉर्ज कॉफमन यांच्यासह त्यांनी 1985 साली लिहिलेला समालोचनात्मक निबंध जगभरच्या संशोधकांच्या टेबलावर असे, आणि पुण्यातून निघालेल्या लेखनाचा तो मान पाहून आम्हा विद्यार्थ्यांस धीर येई. याच विभागातून मेंदीतील लॉसोन या रंगद्रव्याच्या धातुसंयुगांचाही कसून अभ्यास झाला. लॉसोन आणि तांबे यांच्या एका संयुगाच्या स्फटिकात हायड्रोजन बंधांचे त्रिमितीय जाळे कसे पसरलेले असते, हे सांगणारा निबंध 2004 साली प्रसिद्ध झाला, आणि तो वाचताना माझ्या विचाराला जी दिशा लागली ती पुढे बदलली नाही. मेंदीचा रंग हातावर पाहिलेला कोण नाही? परंतु त्याच रेणूला तांबे भेटले आणि त्यांच्या जोड्या एकमेकांस हायड्रोजनाच्या नाजूक धाग्यांनी बांधू लागल्या, म्हणजे संपूर्ण स्फटिकाची इमारत उभी राहते, हे ज्ञान मला त्या काळी अपूर्व वाटले आणि आजही वाटते.

येथे थोडा इतिहास सांगणे प्राप्त आहे. धातूचा आयन आपल्याभोवती निश्चित संख्येने व निश्चित दिशांना रेणू धरून ठेवतो, हा सिद्धांत आल्फ्रेड वेर्नर याने 1893 साली मांडला, आणि विसाव्या शतकातील पुष्कळसे अकार्बनी रसायन त्या एका सिद्धांताच्या छत्राखाली वाढले. वेर्नरची दृष्टी धातूपासून पहिल्या वर्तुळापर्यंत जात होती. त्यापलीकडे काय चालते याकडे लक्ष जाण्यास आणखी पाऊणशे वर्षे जावी लागली. अमेरिकेतील ड्यूपाँट कंपनीत चार्ल्स पेडरसन हा, कोरियात जन्मलेला, नॉर्वेजियन पित्याचा व जपानी मातेचा पुत्र, व्हॅनेडियमासाठी लिगंड बनवीत असता त्याला अत्यल्प प्रमाणात, शेकडा अर्ध्याहूनही कमी, एक पांढरे स्फटिकमय उपोत्पादन मिळाले. ते फेकून न देता त्याने तपासले, आणि क्राउन ईथर नावाची वलयाकार संयुगे जगाला 1967 साली कळली. या वलयाच्या पोकळीत पोटॅशियमचा आयन नेमका बसतो, आणि मग पोटॅशियम परमँगनेटसारखा क्षार बेंझीनमध्ये विरघळून ते जांभळे होते. ज्याने हा प्रयोग डोळ्यांनी पाहिला त्याला त्याचा विसर पडत नाही. पेडरसन, झाँ-मारी लेन आणि डोनाल्ड क्रॅम यांना 1987 साली नोबेल पारितोषिक मिळाले. रेणूंच्या पलीकडच्या या रसायनाला सुप्रामॉलिक्युलर केमिस्ट्री म्हणतात ते लेन यांच्यामुळे. हायड्रोजन बंधाची शक्ती एका मोलास सामान्यतः 5 ते 30 किलोज्यूल, तर दोन कार्बन-अणूंमधील साध्या बंधाची सुमारे 350; एकेकटा पाहिला तर तो किरकोळ आहे, आणि अनेक एकत्र आले तर डी.एन.ए.ची दोन सूत्रे त्यांनीच बांधून ठेवली आहेत.

आता माझ्या हातांनी जे केले ते सांगतो. रिचर्ड रॉब्सन याने 1970 साली दाखविलेला मार्ग मी धरला, ज्यात दोन बाजूंना आल्डिहाइड असलेले एक फिनॉल, एक डायअमिन आणि तांब्याचा क्षार मिथेनॉलमध्ये एकत्र तापवून मोठे वलय तयार करतात. धातू नसेल तर टोके भलत्यासलत्या ठिकाणी जुळून फ्लास्कच्या तळाशी चिकट, तपकिरी राळ साचते. तांबे असेल तर ते दोन्ही टोकांना धरून कडबोळ्याप्रमाणे गोल वळवून त्यांची गाठ घालून देते, आणि वलयाच्या पोटात दोन तांबे शेजारीशेजारी, फिनॉलाच्या ऑक्सिजनांनी जोडलेले, आपोआप बसतात. पुढे धातु-सेंद्रिय सच्छिद्र जाळ्यांचा पाया घातल्याबद्दल याच रॉब्सनला 2025 साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. त्याचे नाव वृत्तपत्रात वाचले तेव्हा मला आठवला तो 1970 चा छोटासा निबंध, ज्याची झेरॉक्स प्रत वापरून वापरून पिवळी पडली आहे.

हे काम धोक्याचे नाही असे नाही. तांब्याचा पर्क्लोरेट क्षार स्फटिक देण्यात उदार असतो, म्हणून आम्ही त्याच्याकडे वळतो. परंतु सेंद्रिय लिगंडांच्या संगतीत तो स्फोटक होऊ शकतो, सबब असा पदार्थ मिलिग्रॅमांत करावा, काचेवर धातूच्या चमच्याने खरवडू नये, कोरडा करून साठवू नये, हे नियम मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याकडून लिहून व सही करून घेतो. स्फटिक वाढविण्याच्या कामात पुण्याचे ऋतू साक्षात भागीदार होतात. मिथेनॉलच्या द्रावणावर ईथरची वाफ संथपणे उतरत राहिली म्हणजे स्फटिक धरतात. ईथर 35 अंशांच्या आसपास उकळते, आणि मे महिन्यातील दुपारी प्रयोगशाळेतील हवा त्या अंकाच्याही वर जाते, तेव्हा जी क्रिया आठवडाभर मंद गतीने चालावयाची ती एका दुपारीच उरकते व हाती येते ती निळसर हिरवी भुकटी. पावसाळ्यात हवेतील बाष्प क्षारात शिरते आणि जे स्फटिक धरतात त्यांत पाण्याचे रेणू आपली जागा मागतात. म्हणून आमच्या प्रयोगशाळेतील उत्तम स्फटिक बहुधा कार्तिक ते माघ या काळातले आहेत, आणि वर्षाचे वेळापत्रक मी त्या हिशेबानेच आखीत आलो. मिळालेला एक निर्दोष स्फटिक, साखरेच्या दाण्याहूनही लहान, काडेपेटीत कापूस घालून पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेकडे क्ष-किरण तपासणीसाठी नेण्याचा जो प्रसंग, त्यात बिबवेवाडी ते पाषाण हा सारा शहर ओलांडण्याचा प्रवास मी सावधपणे करीत असे. ती प्रयोगशाळा 3 जानेवारी 1950 रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते उघडली, आणि आपल्या प्रांतातील कित्येक लहान महाविद्यालयांच्या संशोधनाला तिच्या उपकरणांनी हात दिला आहे, याची नोंद व्हावी तितकी होत नाही.

क्ष-किरणांचा निकाल येण्यापूर्वी मात्र आम्ही एक साधी कसोटी लावतो, आणि ती मला या विषयातील सर्वांत सुंदर वाटते. गुई नावाच्या तुलेत नमुन्याची नळी चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये टांगून, चुंबकीय क्षेत्र असताना व नसताना तिचे वजन घेतात. मर्क्युरी व कोबाल्ट यांच्या एका थायोसायनेट क्षाराने तुला आधी पारखलेली असते. द्विसंयुजी तांब्याच्या प्रत्येक अणूवर एक एकटा इलेक्ट्रॉन असतो, आणि तो स्वतंत्र असेल तर त्याचे चुंबकीय आघूर्ण 1.73 बोर मॅग्नेटॉनच्या आसपास निघावे. आमच्या वलयातील तांब्यांचे आघूर्ण त्याहून पुष्कळ कमी निघते. दोन तांब्यांमध्ये प्रत्यक्ष बंध नसताही, मधल्या ऑक्सिजनाच्या द्वारे त्यांचे इलेक्ट्रॉन एकमेकांची दिशा ओळखतात आणि उलट दिशांना वळून परस्परांचा प्रभाव पुसून टाकतात. पुढे मुंबईच्या आय.आय.टी.तील उपकरण केंद्राकडे एकट्या इलेक्ट्रॉनांचा माग काढणाऱ्या ई.पी.आर. तपासणीसाठी नमुना धाडला, तेव्हा एकट्या तांब्याच्या संयुगाने चार रेषांचे जे ओळखीचे चित्र दिले असते, त्याच्या जागी आलेखपत्रावर जवळजवळ सपाट रेषा आली. संकेत न येणे हाच तेथे निर्णायक पुरावा होता.

मग खरी परीक्षा. मोठ्या शाखा जोडलेले एक कॅटेकोल मिथेनॉलमध्ये घेऊन त्यात आमचे संयुग लेशमात्र घातले, की वर्णपटमापकावर 400 नॅनोमीटरच्या जागी क्विनोनाची चढण दिसू लागते, आणि दर काही मिनिटांनी काढलेले वक्र एकावर एक चढत जातात. चढणीचा वेग मोजून, कॅटेकोलाचे प्रमाण वाढवीत नेऊन, मिखाएलिस आणि मेंटेन यांच्या 1913 च्या समीकरणात बसविले म्हणजे प्रतिकृतीची कार्यशक्ती अंकांत मिळते. आमच्या उत्तम संयुगाची गती तासाला काही शेकडा फेरे अशी निघाली. विकराची सेकंदाला 2000 ही गती वाचकांना आठवत असेलच. हजारो पटींचे हे अंतर प्रथम पाहिले तेव्हा त्याच्या कारणाचा शोध हेच आता आपले काम, असा माझा निश्चय झाला. आमच्या वलयातील तांबी रताळ्याच्या तांब्यांपेक्षा हलकी किंवा भारी नव्हती, ऑक्सिडीकरणाची अवस्था तीच, मधले अंतरही जवळपास तेच. मग उणे काय होते?

याचे पहिले उत्तर मला क्रियेच्या दुसऱ्या फळात सापडले. विकर ऑक्सिजनाला चार इलेक्ट्रॉन देऊन त्याचे पाणी करते. आमचे संयुग दोनच इलेक्ट्रॉन देऊन हायड्रोजन पेरॉक्साइडवर थांबते, हे आयोडाइडच्या साध्या चाचणीने, 353 नॅनोमीटरवरील पिवळ्या रंगाने, सिद्ध झाले. विकराच्या अंतर्गृहात भिंतींची, म्हणजे प्रथिनाच्या साखळीची, जी मांडणी असते, ती ऑक्सिजनाला दोन तांब्यांच्या मधोमध धरून ठेवते, पाण्याला व इतर आगंतुकांना दूर ठेवते आणि कॅटेकोलाला विशिष्ट कोनातच आत घेते. आमच्या वलयाला भिंती नाहीत. द्रावणातील मिथेनॉल वाटेल तेव्हा आत शिरते.

या विचाराला आधार द्यावयास हीमसारखे उदाहरण नाही. हिमोग्लोबिन, सायटोक्रोम सी आणि कॅटॅलेज या तिघांच्याही पोटात लोहयुक्त हीमच असते. पहिले ऑक्सिजन वाहते, दुसरे इलेक्ट्रॉन, आणि तिसरे पेरॉक्साइडचा नाश करते. तेच हीम प्रथिनावाचून उघड्या द्रावणात ठेवले तर ऑक्सिजनाशी क्रिया करून दोन हीम एकमेकांस कायमचे जखडतात आणि वाहतूक संपते. जेम्स कॉलमन यांनी 1970 च्या दशकात हीमच्या एका अंगाला चार उंच गट कुंपणासारखे लावले, आणि तेव्हा कोठे कृत्रिम संयुगाने ऑक्सिजन घेणे व परत सोडणे साधले. धातू तोच आणि त्याला चिकटलेले पहिले वर्तुळही बहुतांशी तेच. गुण उपजतो तो त्यापलीकडच्या शेजारात, हायड्रोजन बंधांत, जलद्वेषी कोनाड्यांत, एकमेकांपासून राखलेल्या अंतरांत. माझ्या साऱ्या कामाचा निष्कर्ष एवढाच आहे, आणि तो मी पूर्ण खात्रीने सांगतो.

त्यानंतर आम्ही वलयाच्या कडेला हायड्रोजन बंध देऊ शकणारे हात जोडू लागलो. काही हातांनी कॅटेकोलाला जवळ ओढले आणि गती वाढली. काही हात इतके प्रेमळ निघाले की तयार झालेले क्विनोनही सोडीनात, आणि गती मंदावली. लिगंडाची एक शाखा बदलावी, पुन्हा संश्लेषण, पुन्हा शुद्धीकरण, पुन्हा स्फटिकांची वाट, असे हे काम वर्षानुवर्षे चालते. या टप्प्यावर एका कार्यालयाकडे आम्ही नव्या वर्णपटमापकासाठी सविस्तर तपशिलासह दरखास्त केली होती. ती एका मेजावरून दुसऱ्या मेजावर फिरत राहिली, आणि मंजुरीचा हुकूम निघाला तेव्हा ज्या विद्यार्थिनीने त्या मोजमापांची तजवीज केली होती तिची मुदत संपून ती निघून गेली होती. तिच्या वह्यांतील आकडे मात्र इतके व्यवस्थित होते की पुढच्या विद्यार्थ्याने तेथूनच काम उचलले.

प्रतिकृती ही मूळ वस्तूच्या मागून चालणारी, हा सामान्य समज आहे. त्याला छेद देणारी एक घटना मी माझ्या विद्यार्थ्यांना प्रतिवर्षी सांगतो. खेकडे, माखले यांच्या रक्तात लोहाच्या ऐवजी तांब्याचे हिमोसायनिन असते, म्हणून ऑक्सिजन मिळताच त्यांचे रक्त निळे होते आणि तो सुटताच रंगहीन. कोकणातील कोळ्यांना ही गोष्ट नवी नसेल. त्या निळ्या अवस्थेत ऑक्सिजनाचा रेणू दोन तांब्यांमध्ये नेमका कसा बसलेला असतो, यावर रसायनशास्त्रज्ञांचा वाद वर्षानुवर्षे चालला होता. जपानमध्ये नोबुमासा किताजिमा यांनी 1989 साली पायराझोलाच्या लिगंडांनी वेढलेले तांब्याचे एक संयुग बनवून त्याची रचना दाखविली, जिच्यात ऑक्सिजन दोन तांब्यांच्या मध्ये आडवा पडलेला होता, आणि त्याचा वर्णपट हिमोसायनिनाच्या वर्णपटाशी जुळत होता. सजीवातील रचना तशीच आहे, हे नालखेकड्याच्या ऑक्सिजनयुक्त हिमोसायनिनाच्या स्फटिकावरून 1994 साली ठरले. पाच वर्षे प्रतिकृती निसर्गाच्या पुढे होती. किताजिमा तरुण वयातच गेले. त्यांचे संयुग मात्र आज प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे.

आपल्या प्रांतातील महाविद्यालयांत रसायनशास्त्र शिकविणाऱ्या माझ्या बांधवांस व भगिनींस मला एक विनंती करावयाची आहे. पदवीच्या वर्गात वेर्नरचे पहिले वर्तुळ शिकवून आपण थांबतो, आणि विद्यार्थ्यांची समजूत होते की धातूची कथा तेथेच संपली. पुष्कळ महाविद्यालयांच्या कपाटांत गुई तुला अजून धूळ खात पडलेली आहे. ती पुसून घ्यावी आणि बाजारात सहज मिळणाऱ्या तांब्याच्या असिटेटाचा नमुना तिच्यात टांगावा, आघूर्ण 1.73 च्या ऐवजी सुमारे 1.4 येईल, कारण त्या क्षारात तांबी जोडीजोडीने, 2.64 अँगस्ट्रॉमच्या अंतरावर राहतात. त्याच दिवशी वांग्याचा गर थंड पाण्यात वाटून, गाळून, त्यात कॅटेकोलाचे थेंब टाकून दाखवावेत. या दोन प्रयोगांना मोठा खर्च नाही, मंजुरीचा कागद लागत नाही, आणि एका तासात दोन्ही होतात. पुढच्या सत्रात हे दोन्ही प्रयोग आपल्या विद्यार्थ्यांकडून अवश्य करून घ्यावेत.